चिटणीस कुठे गेले?

ग्रंथपालांच्या संघाचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाने अधिवेशनाच्या फोटोवर विसंबू नये. फोटोत पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसलेले असतात ते अध्यक्ष, उद्घाटक, स्वागताध्यक्ष आणि ज्यांच्या शाळेचं सभागृह फुकट मिळालं ते संस्थाचालक. ग्रंथपाल मागच्या रांगेत बाकावर उभे असतात, शेवटच्या दोघांचे अर्धेच चेहरे येतात. आणि हे सगळं ज्याने जुळवून आणलं तो चिटणीस फोटोत नसतोच. तो आतल्या खोलीत आचाऱ्याशी पानांच्या संख्येवरून हुज्जत घालत असतो.

हे काही एकट्या महाराष्ट्रातलं नाही. 1925 साली कोलकात्यात अखिल बंगाल ग्रंथालय संघ निघाला तेव्हा पहिले अध्यक्ष खुद्द रवींद्रनाथ टागोर होते. चिटणीस होते सुशीलकुमार घोष. यातलं एक नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या अकरा वर्षं आधी, 1914 साली, बेझवाड्याला (म्हणजे आजच्या विजयवाड्याला) आंध्र देशाचा ग्रंथालय संघ उभा राहिला. भारतातल्या प्रांतिक ग्रंथालय संघांत अग्रपूजेचा मान त्याचा. तिथे चिटणीस होते अय्यंकी वेंकटरमणय्या. या गृहस्थांनी तेलुगूत ग्रंथालयांचं मासिक काढलं, गावोगाव ग्रंथालय यात्रा नेल्या, परिषदा भरवल्या आणि सरकारने पद्मश्री दिली तोवर 1972 साल उजाडलं होतं. त्यांच्याच चळवळीतल्या पातूरी नागभूषणम यांनी 1935 मध्ये पुस्तकं होडीत घातली आणि कृष्णेच्या कालव्यातून काठच्या गावांना वाटत नेली. वाचक ग्रंथालयात येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या परिसंवादांची संख्या पाहता ही होडी जरा गैरसोयीचीच आठवण आहे.

चिटणीस या प्राण्याचा मूळपुरुष मात्र अमेरिकेत सापडतो. ऑक्टोबर 1876 मध्ये फिलाडेल्फियाला ग्रंथपालांची परिषद भरली आणि तीतून अमेरिकन ग्रंथालय संघ उभा राहिला. 103 जण जमले, त्यांत 13 बायका. सगळ्यांच्या सह्यांची वही फिरली तेव्हा चोवीस वर्षांच्या मेल्विल ड्युईने आपल्या नावापुढे क्रमांक एक घातला. अध्यक्ष झाले बॉस्टनचे वजनदार ग्रंथपाल जस्टिन विन्सर. चिटणीसपद ड्युईने घेतलं. ते घेताना त्याच वर्षी स्थापन झालेल्या मेट्रिक मापांच्या आणि शुद्धलेखन सुधारणेच्या मंडळांची चिटणिशीही त्याच्याकडे होती, आणि दशांश वर्गीकरणाची पहिली 44 पानी पुस्तिकाही त्याच वर्षी छापून झाली होती. एका माणसाला एका वर्षात इतकी मंडळं पुरतात, यावर पुण्यातल्या सदाशिव पेठेचाही विश्वास बसेल. स्वतःच्या नावातली जादा अक्षरंसुद्धा त्याने कापून टाकली होती. 1887 मध्ये कोलंबिया कॉलेजात त्याने जगातला पहिला ग्रंथपालनाचा वर्ग काढला. वीस विद्यार्थ्यांत सतरा मुली असल्याने विश्वस्तांनी वर्गाला खोली नाकारली, तेव्हा अडगळीची खोली झाडून त्याने वर्ग भरवला. 1890 साली न्यूयॉर्क राज्याचा संघ निघाला. अमेरिकेतला तो पहिला राज्यस्तरीय ग्रंथालय संघ, आणि त्याचा अध्यक्ष ड्युई. चौदा वर्षांच्या चिटणिशीनंतर का होईना, फोटोत खुर्ची मिळाली.

पण या मूळपुरुषाच्या नावाने कुणी हार घालायला जाऊ नये. त्याच्या लेक प्लॅसिड क्लबात ज्यूंना प्रवेश नव्हता, आणि बायकांशी त्याचं वागणं इतकं वाईट होतं की ग्रंथपाल स्त्रियांनीच तक्रारी केल्या. 2019 मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाने त्याच्या नावाच्या पदकाचं नाव बदललं. संघाच्या सभासद यादीत क्रमांक एक मात्र अजून त्याचाच.

आता बडोदा. इथे मराठी वाचकाने खुर्ची थोडी पुढे ओढायला हरकत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आलेल्या सयाजीराव गायकवाडांनी 1906 साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि लगोलग त्यांच्या ध्यानात आलं की, शाळेतून बाहेर पडलेल्या पोराला वाचायला काही मिळालं नाही तर सरकारी पैशाने शिकवलेली अक्षरं चार पावसाळ्यांत धुऊन जाणार. म्हणून 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले. बोर्डन तीन वर्षं राहिले. तेवढ्यात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय मांडलं, वर्ग घेतले, खेड्यांत जाणाऱ्या पुस्तकांच्या लाकडी पेट्या सुरू केल्या. खर्चाचा हिशेब सरळ होता: एक वाटा गावकऱ्यांचा, एक लोकल बोर्डाचा, एक सरकारचा. गावाने आपला वाटा काढल्याशिवाय दरबारची थैली सुटत नसे. मांडवीतल्या सेंट्रल लायब्ररीत आजही पोलादी मांडण्यांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, वरच्या मजल्यावरचा उजेड खाली झिरपावा म्हणून. विजेचं बिल वाचवायची इतकी देखणी युक्ती पुढे कुठल्या सार्वजनिक इमारतीत फारशी दिसली नाही.

बोर्डनच्या हाताखाली तयार झालेल्यांनी बडोद्यात लायब्ररी क्लब काढला. ग्रंथपालांनी एकत्र येऊन आपल्या धंद्याचं बोलायचं, असं आपल्याकडचं हे फार लवकरचं उदाहरण. 1912 मध्ये क्लबाने 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं त्रैमासिक सुरू केलं. ते तीन भाषांत निघे. राजा मराठी, रयत गुजराती, साहेब अमेरिकन. तेव्हा त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. संपादनाचं ओझं होतं जनार्दन सखाराम कुडाळकरांवर. बोर्डन मायदेशी परतल्यावर खात्याची धुराही त्यांच्याकडे आली. ग्रंथपालांवरचा लेख एका भाषेत मिळवायचा तरी किती पत्रं लिहावी लागतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कुडाळकरांबद्दल वेगळं काही सांगायला नको. 1920 च्या आसपास त्रैमासिक बंद पडलं. मराठी नियतकालिकांच्या आयुर्मानाच्या मानाने ते दीर्घायुषीच म्हणायचं.

या सगळ्या चिटणिसांचा मुकुटमणी मात्र मद्रासला निपजला, आणि तोही चुकून.

1923 च्या अखेरीस मद्रास विद्यापीठाला ग्रंथपाल हवा होता. सुमारे नऊशे अर्ज आले आणि त्यांत ग्रंथालयशास्त्र शिकलेला एकही नव्हता. प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे शियाळी रामामृत रंगनाथन यांनीही अर्ज टाकला होता, तो पगार बरा होता म्हणून. मुलाखतीच्या तयारीसाठी त्यांनी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला ग्रंथालयांवरचा लेख वाचला. उरलेल्या नऊशेंनी तेवढंही केलं नसावं, कारण निवड यांची झाली. जानेवारी 1924 मध्ये ते रुजू झाले आणि काही दिवसांतच कंटाळले. विद्यार्थ्यांनी भरलेल्या वर्गातून उठून ओस पडलेल्या ग्रंथालयात येऊन बसायचं, समोर कुणी नाही, तोंडातून शब्द निघायची सोय नाही. ते थेट कॉलेजात परत घ्या म्हणून सांगायला गेले. तोड अशी निघाली की आधी लंडनला जाऊन ग्रंथपालन शिकून या, परत आल्यावरही करमलं नाही तर गणित आहेच.

ब्रिटनमध्ये त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथालयं पालथी घातली. सेल्फ्रिजेस या भल्या मोठ्या दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या आणि तेच नट-बोल्ट निराळे जोडून दर वेळी वेगळं यंत्र होतंय, हे पाहून त्यांच्या डोक्यात पुस्तकांच्या वर्गीकरणाची नवी तऱ्हा शिरली. विषयाचे तुकडे करायचे आणि पुस्तक येईल तसे ते द्विबिंदूने जोडत जायचे. परतीच्या बोटीवर दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून बोटीवरच्याच ग्रंथालयाची पुस्तकं लावायला घेतली. गणिताकडे परत जायची भाषा पुन्हा कुणी ऐकली नाही. पुढची वीस वर्षं त्यांनी रजा घेतली नाही. दुसऱ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा विधी आटोपल्यावर ते ग्रंथालयात हजर झाले, असं सांगतात. नव्या नवरीचं यावरचं मत कुठल्याही चरित्रात ठळकपणे छापलेलं नाही.

1928 साली मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि रंगनाथन चिटणीस झाले. 1945 मध्ये मद्रास सोडेपर्यंत ते चिटणीसच होते. सतरा वर्षांत अध्यक्ष कोण कोण होऊन गेले हे सांगायला आज अभ्यासकालाही कागद उघडावे लागतात. या काळातला संघाचा कारभार जरा जवळून पाहण्यासारखा आहे. ग्रंथपाल शिकलेले नाहीत? 1929 च्या उन्हाळ्यात संघाने वर्ग काढला. शिकवायला कोण, तर चिटणीस. शिकवायला पुस्तक नाही? चिटणिसांनी लिहिलं, संघाने छापलं. 1931 मध्ये ग्रंथपालनाची पंचसूत्री, 1933 मध्ये द्विबिंदू वर्गीकरण, 1934 मध्ये तालिकीकरणाची संहिता, अशी एकामागून एक संघाच्या मालिकेत बाहेर पडली. लेखक चिटणीस, प्रकाशकाच्या कार्यालयात बसणारे चिटणीस, ज्यांच्यासाठी लिहिलं ते चिटणिसांचे विद्यार्थी, आणि प्रांतातल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाच्या, म्हणजे विद्यापीठ ग्रंथालयाच्या, खरेदीवर सही करणारेही तेच. आजच्या काळात माहितीच्या अधिकाराखाली निदान चार अर्ज पडले असते. त्या वेळी मात्र यातून एका देशाला ग्रंथालयशास्त्र मिळालं.

पंचसूत्रीची जन्मकथाही अशीच घरगुती. रंगनाथन दिवसेंदिवस मूळ तत्त्वं शोधत होते आणि ती सापडत नव्हती. त्यांचे गणिताचे जुने गुरू एडवर्ड रॉस सहज डोकावले, अडचण ऐकली आणि जाता जाता म्हणून गेले की पुस्तक वापरायला असतं हेच ना तुझं म्हणणं? उरलेली चार सूत्रं त्या एका वाक्याच्या शेपटाला धरून आली. डिसेंबर 1928 मध्ये चिदंबरमच्या प्रांतिक शिक्षण परिषदेत ती पहिल्यांदा जाहीर झाली.

पुस्तक वापरायला असतं, यात शोध तो काय लागला, असं आज वाटेल. पण तेव्हाच्या ग्रंथपालांची समाधानाची कल्पना निराळी होती. हार्वर्डच्या जॉन सिब्ली नावाच्या ग्रंथपालांची गोष्ट या मंडळींत नेहमी सांगितली जाते. कुलगुरूंना हे गृहस्थ आनंदाने तरातरा चालत येताना भेटले. काय विशेष, म्हणून विचारलं तर म्हणाले, सगळी पुस्तकं जागेवर आहेत, फक्त दोन बाहेर आहेत, ती प्राध्यापक अगासीझकडे, आणि तीच आणायला निघालोय. सिब्ली एकोणिसाव्या शतकात वारले. त्यांच्या शाखा मात्र आपल्याकडे अजून जोमात आहेत. कुलूपबंद काचेच्या कपाटापुढे उभं राहून पाठीवरची नावं वाचायचा प्रयत्न ज्याने केला आहे, त्याला पत्ता विचारावा लागणार नाही.

मद्रासच्या संघाला शहरातलं ग्रंथालय पुरलं नाही. ऑक्टोबर 1931 मध्ये तंजावर जिल्ह्यातल्या मन्नारगुडीजवळ बैलगाडीतलं ग्रंथालय निघालं. कनगसभाई पिल्ले हे निवृत्त इंजिनिअर; निवृत्तीनंतर पुस्तकांसाठी खणांची बंदिस्त बैलगाडी त्यांनी खपून तयार केली आणि ती आसपासच्या खेड्यांतून फिरू लागली. बैलगाडी हे काही अप्रूप नव्हतं, पण आजवर गावात येणाऱ्या सरकारी गाड्या काही तरी घेऊन जायला यायच्या. ही देऊन जायची आणि फिरून परत मागायला यायची.

याच सुमारास चिटणिसांनी कायद्याचा मसुदा लिहून ठेवला होता. 1930 मध्ये बनारसच्या आशियाई शिक्षण परिषदेत तो मांडला. तो मद्रासच्या विधिमंडळात 1933 मध्ये बशीर अहमद सईद यांनी आणला, बंगालमध्ये मुनींद्रदेव राय यांनी त्याच्याही आधी खटपट केली. दोन्हीकडे माशी शिंकली ती पैशापाशी. ग्रंथालयासाठी सक्तीचा कर म्हटल्यावर सरकारचा चेहरा उतरे, आणि सक्ती काढून टाकली की मसुद्यात नुसतं पुस्तकप्रेम उरे. अखेर 1948 साली, अविनाशलिंगम चेट्टियार शिक्षणमंत्री असताना, मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, आणि त्यात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय करही आला. अठरा वर्षं एकच मसुदा हातात धरून बसणं हे कवीला जमत नाही, पुढाऱ्याला परवडत नाही. त्याला चिटणीस लागतो. मजा म्हणजे कायदा झाला तेव्हा हे चिटणीस मद्रास सोडून दिल्लीत होते. 1958 साली मद्रास संघाने त्यांना अध्यक्ष केलं, तोवर करण्यासारखं बरंचसं करून झालं होतं.

मद्रासच्या कायद्याची तारीख कोल्हापूरकरांसमोर मात्र जपून उच्चारावी. कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1945 मध्येच केला होता. संस्थान विलीन झालं आणि कायदाही त्याबरोबर इतिहासजमा झाला, तरी 'पहिले आम्हीच' हे वाक्य विलीन झालेलं नाही.

मुंबई इलाख्याची चाल जरा संथ. 1939 मध्ये सरकारने असफ फैजी यांची समिती नेमली. 1940 मध्ये समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून थेट खेड्यापर्यंत सहा पायऱ्यांची योजना सांगितली. महाराष्ट्राचा कायदा आला 1967 साली आणि अमलात आला 1 मे 1968 ला. त्यात ग्रंथालय कर नाही. सरकार अनुदान देणार, तेही अ, ब, क, ड असे वर्ग पाडून. याला कारणही आहे. मद्रासकडे कायद्याआधी पुरेशी ग्रंथालयं नव्हती, ती सरकारने काढायची होती. महाराष्ट्रात ती लोकांनी आधीच काढून ठेवली होती. रत्नागिरीचं 1828 चं, नगरचं 1838 चं, नाशिकचं 1840 चं, पुण्याचं 1848 चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, ते काढणाऱ्यांत मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे वि. ल. भावे, मुंबईचं 1898 चं. कायद्याच्या आधी जवळपास एकशेचाळीस वर्षांपासून वर्गणी गोळा करणारा समाज कराची मागणी कशाला करील?

त्यामुळे इथले संघही निराळ्या घडणीचे झाले. जिल्हा ग्रंथालय संघ हा ग्रंथालयांचा संघ असतो. म्हणजे सभासद असतात संस्था, आणि संस्थेच्या वतीने येतात तिचे अध्यक्ष किंवा कार्यवाह. कार्यवाह गावातले निवृत्त मुख्याध्यापक असतील, वकील असतील, सोसायटीचे चेअरमन असतील. ग्रंथपाल असेलच असं नाही. त्याच्यासाठी कायद्याच्या परिभाषेत 'ग्रंथालय सेवक' असा शब्द आहे आणि गाऱ्हाणी मांडायला कर्मचाऱ्यांची वेगळी संघटना. मद्रासमध्ये चिटणीस आणि ग्रंथपाल हा एकच माणूस होता, म्हणून संघाने प्रशिक्षण, वर्गीकरण आणि कायदा मागितला. महाराष्ट्रात ते दोन झाले, म्हणून संघ परिरक्षण अनुदान आणि दर्जावाढ मागतो. यात लबाडी कुणाचीच नाही. ज्याला जे बिल भरावं लागतं त्याला तेच आठवतं.

बिल किती, तर तेही पाहावं. राज्यात मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयं अकरा-बारा हजार. ड वर्गाचं वार्षिक अनुदान 2012 पासून 30 हजार होतं, 2022 मध्ये ते 48 हजार झालं. महिन्याचे चार हजार. त्यातला निम्मा वाटा पगाराचा, उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, भाडं, वीज आणि झाडू. म्हणजे 2022 च्या हिशेबाने सेवकाच्या हातात दोन हजार पडत. या दोन हजारांत त्याने ग्रंथालय वेळेवर उघडायचं, दाखल नोंदवही लिहायची, देवघेवीची वही, सभासदांची वही, अभ्यागतांची वही आणि तपासणी अधिकारी आले की शेरेवही पुढे करायची. पुस्तकांपेक्षा वह्याच जास्त, असं काही ठिकाणी झालंही असावं. 2012 मध्ये महसूल खात्याची माणसं सगळ्या ग्रंथालयांच्या पडताळणीला गावोगाव फिरली, तेव्हा काही ग्रंथालयं कागदावर उत्तम चालली होती आणि पत्त्यावर किराणा दुकान होतं. त्याचा दंड सगळ्यांनाच बसला: नव्या मान्यता आणि दर्जावाढ दोन्ही अडकून पडल्या. सेवकांच्या वेतनश्रेणीचा प्रश्न त्याहून जुना. 1973 मध्ये प्रभा राव समितीने त्यावर शिफारस केली, 2001 मध्ये व्यंकप्पा पत्की समितीने पुन्हा केली. दोन्ही अहवाल ग्रंथालयांत उपलब्ध आहेत. जागेवरच आहेत, बाहेर कुणीच नेलेले नाहीत. सिब्ली असते तर खूश झाले असते.

अधिवेशन म्हणून दर वर्षी होतं. ग्रंथदिंडीत पालखी पुढे, लेझीमची मुलं मागे. ज्ञानेश्वरीवर फुलं वाहिली जातात. उद्घाटक तीन तास उशिरा येतात आणि वाचनसंस्कृती लोप पावत चालल्याबद्दल खंत व्यक्त करतात. मग शाल, श्रीफळ, आणि हार घालायचे राहिलेल्या आणखी दोघांना व्यासपीठावर पाचारण. खुल्या अधिवेशनात ठराव. पहिला दुखवट्याचा, दुसरा अनुदान दुपटीचा, तिसरा दर्जावाढीचा, चौथा वेतनश्रेणी आणि सेवाशर्तींचा. सूचक-अनुमोदकांची नावं आधीच ठरलेली. ठरावाचा कागद जुन्याच फाइलमधून येतो; साल तेवढं खोडून वर नवं लिहिलेलं असतं. कोपऱ्यात एक तरुण सेवक हळूच शेजाऱ्याला विचारतो की हे ठराव पुढे कोण घेऊन जातं. शेजारी म्हणतो, चिटणीस. ते कुठे आहेत म्हणावं, तर जेवणाच्या कुपनांचा हिशेब जुळत नाहीये, तिकडे गेलेत.